लेंटचा आठवडा : जालना ते किल्लारी

सोमवार, जालना

छत्रपती संभाजीनगरहून सकाळची जालन्याची एसटी धरली. बरोबर मोठ्या जाऊबाई होत्या. त्यांचं माहेर औशाकडचं, त्यामुळे घरात लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि त्याचा परिणाम कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतो. पिशव्या, डबे, कडेवरची लेकरं घेऊन बायका एकेकट्या माहेराला निघालेल्या असतात, सोबत कुणी येतंय का याची वाट बघत बसलेल्या नसतात. आम्हीही तशाच निघालो. जालना, बीड, लातूर असे नातेवाईक गाठत शनिवारी किल्लारीकडे पोचायचं होतं. तिकडे अक्कांचं एक काम बरीच वर्षं राहून गेलं होतं. त्याबद्दल त्या घरात फारसं बोलत नाहीत.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, रोज बायबलचा एक उतारा वाचायची आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, रीत आहे. प्रवासापुरता अक्कांनी तिला एक नियम जोडला. सकाळी वाचायचं, रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचं काय केलं ते एकमेकींना सांगायचं, आणि सांगताना दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. "वचन ऐकलं की आधी शेजारीण आठवती बघ. हे तिनं ऐकायला पाहिजे होतं, असं वाटतं. ते बंद." नियम सोपा वाटला तरी पाळायला अवघड आहे. मी तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली, दुसऱ्याला काय झालंय ते ओळखणं हाच माझा धंदा.

आजचा उतारा मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. माझ्यासाठी ज्याने घर, भाऊ, बहिणी, शेते सोडली त्याला या काळी ती शंभरपटीने मिळतील, असं येशू म्हणतो. आणि त्याच वाक्यात छळही मिळेल म्हणतो. हा उतारा घेऊन आम्ही बेथेलला गेलो. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं हे गाव जालन्याजवळच आहे. शेषाद्री मूळचे ब्राह्मण, मुंबईत शिकलेले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. त्याच्यासाठी वडील कोर्टात गेले, मुलगा परत मिळाला, आणि त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. श्रीपतची गोष्ट मराठी इतिहासात पुष्कळांना माहीत असते. मोठ्या भावाचं पुढं काय झालं, ते जालन्यात आलं की समजतं. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होऊन ते निजामाच्या मुलखात आले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्य कुटुंबांना त्यांच्याच गावात राहणं मुश्कील होतं. तेव्हा दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी त्यांच्यासाठी वेगळं गाव उभं केलं. बायबलमधला याकोब दगड उशाला घेऊन झोपला, त्या जागेचं नाव गावाला दिलं.

चर्चच्या आवारात बसून आम्ही तो उतारा पुन्हा वाचला. घर सोडलेल्या माणसाला शेतं मिळाली, हे इथं अक्षरशः घडलंय. पण ती मिळाली ती दुसऱ्यांना उभं करण्यासाठी. शंभरपट म्हणजे माझ्या नावावरचा सातबारा, असं समजून हे वचन ऐकवणारे खूप असतात. (हे दुसऱ्याचं नाव घेणं झालं का, असं रात्री अक्कांना विचारलं. "नाव घेतलं नाहीस, पण रोख आहे," म्हणाल्या.)

जालना सोने का पालना म्हणतात. स्टँडकडे परतताना सळईने लादलेले ट्रक एकामागून एक जात होते. उन्हाने कहर केला होता. मोसंबीचा रस पिऊन मुक्कामाला गेलो.

मंगळवार, अंबड तालुका

माझ्या चुलत सासूबाईंचं शेत अंबडच्या पुढे आहे. ज्वारीची काढणी चालू होती. रब्बीची ज्वारी बायका हाताने मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताटं धरायची, कंबरेतून मागे झटका द्यायचा, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, पेंढी बांधायची. भुई भेगाळलेली असते, ताट सहजी सुटत नाही. तासाभरात तळहात चिरतात, म्हणून बोटांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मजूर मिळेनासे झाल्यापासून ज्वारीचा पेराही कमी झालाय, सगळीकडे सोयाबीन आणि कापूस.

सकाळी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचला होता. शेताच्या कानाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नको, सरवा, म्हणजे मागे गळून राहिलेली कणसं, वेचू नको, गरीब आणि परका यांच्यासाठी तो राहू दे. मी परमेश्वर तुमचा देव आहे. मला यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. दया कर, असं इथं म्हटलेलंच नाही. बांधाकडेची ती कणसं मालकाची नाहीतच, असा याचा अर्थ. ज्याचं नाहीच ते दिलं, म्हणून कुणी मोठेपणा सांगावा?

दुपारी मोडणीच्या जागी एक म्हातारी आणि तिची नात आल्या. चुलत सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही, बघून न बघितल्यासारखं केलं, आणि त्या दोघी मागच्या पट्ट्यात शिरल्या. म्हातारी वाकून चालत होती. सुटलेलं कणीस दिसलं की ती ते उचलायची, अंगठ्याने एकदा दाबून बघायची, दाणा भरलेला असेल तर ओट्यात, पोचट असेल तर तिथंच. नात पुढं पळून मोठी मोठी कणसं गोळा करायची आणि आजीच्या ओट्यात आणून टाकायची. काढणाऱ्या बायकांच्या हातून त्या बाजूला जरा जास्तच कणसं सुटत होती. कुणी सांगितलं नव्हतं. बायबलातल्या रूथच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, शेतमालक बवाज आपल्या माणसांना सांगतो की सरवा वेचणाऱ्या रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका आणि तिला धमकावू नका. मी हे चुलत सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगायच्या, म्हातारं माणूस पाठीमागनं आलं की आपण पुढं बघायचं. त्याला लाज वाटू देऊ नये." हे बायबलात नाही, पण बवाजाला ते ठाऊक होतं असं मला वाटतं.

संध्याकाळी मजुरी वाटली. अनुवाद २४ मध्ये मजुरी सूर्य मावळण्याआधी दे म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. पैसे देताना उजेड होता. घरी फोन करून लेकाला सांगितलं की धुण्याभांड्याच्या मावशींचा महिना आज भरतो, मी येईपर्यंत थांबू नको, आत्ताच्या आत्ता देऊन ये. आम्हाला शेत नाही. आमच्या शेताची कड ती एवढी.

बुधवार, बीड आणि केज तालुका

शहागडला गोदावरी ओलांडली. पुलावरून पाणी दिसलं की गाडीतल्या बायका आपोआप हात जोडतात, पैसा टाकतात. गेवराईवरून बीड. बीडला जेवण आणि शहराबाहेर सोलापूर रस्त्याला खजाना विहीर. निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर मोटेशिवाय, जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतांना पाणी देत आली आहे. उन्हात फार वेळ थांबता आलं नाही. मुक्कामाला अक्कांच्या मावसबहिणीकडे, केज तालुक्यात.

गाव रिकामं होतं. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. कामावर एक दिवस गेलं नाही तर खाडा, म्हणजे तेवढे पैसे वरून कापायचे. पाळी, ताप, बाळंतपण, खाड्याला कशाचीच सवलत नाही. घरोघरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी दिसली.

सकाळी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय झाला होता. कुणी उघडा आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही त्याला नुसतं म्हणता "सुखाने जा, ऊब घ्या व तृप्त व्हा," तर काय उपयोग? एका ओळीत लिहिलेलं आहे, आणि चर्चमध्ये बसणाऱ्या माणसाला यातून निसटायला जागा नाही.

रात्री जेवणं झाल्यावर शेजारची एक बाई मावसबहिणीकडे आली. वय पस्तिशीच्या आतलं. फडावरून महिनाभर आधी परत आलेली, नवरा तिकडेच. मी सिस्टर होते हे कळल्यावर थोडी जवळ सरकून बसली. अंगावरून जायचं थांबत नव्हतं, ओटीपोटात दुखत होतं. "डाक्टर म्हनले पिशवी काढून टाका, न्हाईतर क्यानसर व्हईल. आमच्या टोळीतल्या चौघीजनींनी काढलीया. काढली की खाडं पडत न्हाईत." ऑपरेशनसाठी आणखी उचल घ्यायची तिची तयारी होती. सोनोग्राफी झाली होती का? नाही. तपासणी? टेबलावर घेतलं नव्हतं. नखं मी बल्बखाली धरून बघितली, पांढरी फटक होती.

ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचा हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, नियमही आले. पण भीती आधी घालतात आणि कागद नंतर होतो. ज्याने तिला तपासल्याशिवाय हे सांगितलं त्याचं नाव मी विचारलं नाही, नाहीतर सगळी रात्र त्याच्यावरच बोलण्यात गेली असती.

मार्कच्या पाचव्या अध्यायातली बाई मला लहानपणापासून पाठ आहे. बारा वर्षं रक्तस्राव. पुष्कळ वैद्यांच्या हाती सोसलेलं, जवळचं होतं नव्हतं ते खर्च झालेलं, आणि गुण तर नाहीच, उलट आणखी बिघडलेलं. मार्कने हे एवढं सविस्तर लिहून ठेवलंय, याचं मला नोकरीत असताना नेहमी बरं वाटायचं. कुणीतरी तिचा केस पेपर लिहून ठेवला. पुढे ती गर्दीत मागून येते, वस्त्राला शिवते, बरी होते. तिथं गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण येशू थांबतो. ज्याच्या घरी तो निघालाय त्या याईराची मुलगी मरायला टेकली आहे, बाप पुढं उभा आहे, शिष्य घाई करतायत, आणि तो म्हणतो, मला कोण शिवलं? तिला सगळं बोलू देतो. "सर्व खरे" सांगेपर्यंत थांबतो. मग म्हणतो, "मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." सगळ्या शुभवर्तमानांत लेक या अर्थाने मुली म्हणून त्याने हाक मारलेली ही एकच बाई.

मी त्या बाईला म्हटलं, तुझ्यासाठी प्रार्थना करते. अक्का लगेच म्हणाल्या, "करू की. पण उद्या तू आमच्यासंगं अंबाजोगाईला चल, आधी केस पेपर काढू."

गुरुवार, अंबाजोगाई

सकाळची पहिली गाडी पकडली. तिघी अर्ध्या तिकिटावर. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार कार्ड आणि भाकरी.

अंबाजोगाई म्हटलं की लोकांना योगेश्वरी आठवते, मुकुंदराजांची समाधी आठवते, दासोपंतांची पासोडी आठवते. आम्हाला त्यातलं काहीच बघायला झालं नाही. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना एवढंच आमचं अंबाजोगाई. केस पेपरच्या रांगेत अक्का उभ्या राहिल्या, मी तिला घेऊन बाकावर. स्त्रीरोगची ओपीडी माणसांनी फुललेली होती. नऊ वाजल्यापासून नंबर लागेपर्यंत तिने माझ्या साडीचा पदर बोटाला गुंडाळून धरला होता, सोडला नाही. मी काही बोलले नाही, तीही नाही.

डॉक्टर मुलगीच होती, शिकाऊ, तिच्याहून वयाने लहान. तिने तिला आधी बसवलं. नाव विचारलं. मुलं किती, बाळंतपणं कुठं झाली, फडावर पाणी कुठलं, कापड काय वापरता, किती दिवस जातं, गाठी पडतात का. मग पडद्यामागे तपासलं, कॅन्सरच्या तपासणीसाठी नमुना घेतला, रक्ताला आणि सोनोग्राफीला पाठवलं. मधे जेवणाची सुट्टी गेली. आम्ही झाडाखाली बसून तिची भाकरी आणि आमची चटणी खाल्ली.

दुपारी मोठ्या मॅडमनी कागद बघितले. पिशवी व्यवस्थित होती. आतून सूज आणि जंतुसंसर्ग, हिमोग्लोबिन फक्त ७.२. गोळ्यांचा कोर्स, लोहाच्या गोळ्या, नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगितलं, पंधरवड्याने दाखवायला बोलावलं. नमुन्याचा रिपोर्टही तेव्हाच मिळणार होता. "आत्ता काढायचं काहीही कारण नाही," मॅडम म्हणाल्या. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर हाडं ठिसूळ होतात, पाळी जाण्याचा सगळा त्रास लवकर मागे लागतो, हे त्यांनी तिला समजेल अशा भाषेत समजावलं. बाई ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता. "मग मुकादमाला काय सांगू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उचल तशीच आहे, पुढच्या हंगामाला कोयता पुन्हा जाणार, खाडा पुन्हा पडणार. याकोबाच्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचते, असं लिहिलंय. तिच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यातल्या एकीमुळे दुसरी गप्प करता येत नाही. अक्कांनी तिला केजच्या गाडीत बसवून दिलं, कंडक्टरला सांगितलं कुठं उतरवायचं ते, आणि खिडकीतून पुन्हा एकदा विचारलं, "जेवणाआधी कुठली, जेवणानंतर कुठली?" तिने बरोबर सांगितलं.

रात्री उशिरा लातूर. पायाला गोळे आले होते.

शुक्रवार, लातूर

विश्रांतीचा दिवस. गंजगोलाईत गोल फिरून थोडी खरेदी, बाकी दिवस अक्कांच्या मामेभावाच्या घरी. उतारा मत्तय १०चा शेवट, लहानातल्या एकाला प्यालाभर गार पाणी देणाऱ्याविषयीचा.

लातूरमध्ये पाण्याचा विषय काढायला लागत नाही, तो आपोआप निघतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. तेव्हा टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. मामेभावाच्या बायकोने त्या उन्हाळ्यात घराबाहेर रस्त्यावरच्या माणसांसाठी एक रांजण भरून ठेवायचा हट्ट केला. घरात भांडी राखेने घासत होते, आणि ती रांजण भरत होती. "लोकं म्हणायची वेडी झाली," ती सांगत होती. "पण आपल्याकडं भरपूर असताना दिलं तर त्यात प्यालाभर काय आणि हंडाभर काय." अजून तो रांजण दाराशी आहे. भर दुपारी एक पोस्टमन सायकल टेकवून पाणी पिऊन गेला, वर बघितलंही नाही. त्याला ते नेहमीचं होतं.

शनिवार, किल्लारी

आज सकाळी अक्का काही वाचू या म्हणाल्या नाहीत. मीही पुस्तक बाहेर काढलं नाही.

औसा, लामजना, किल्लारी. रस्त्याकडेला पळस फुललेला. जुन्या किल्लारीच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक थकून झोपलेले. जाड दगडी भिंती, त्यात चुन्याऐवजी माती, वर मातीचं जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यातल्या एका गावात अक्कांचा सख्खा भाऊ, भावजय आणि त्यांची धाकटी मुलगी होती. मोठा मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, आजोळी वाढला.

स्तंभापाशी अक्का बराच वेळ उभ्या होत्या. मग कडुनिंबाखाली बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. त्या वर्षीच्या नाताळाआधी एका सभेत एका उपदेशकाने मत्तय ७ वर संदेश दिला होता. वाळूवरचं घर आणि खडकावरचं घर. आणि किल्लारीचं उदाहरण घेतलं होतं. पाप, मूर्तिपूजा, न्याय. अक्का ओंजळीत तोंड लपवून मधल्या रांगेत बसलेल्या, तीन जीव गेलेल्याला अडीच महिनेही झाले नव्हते. "माझा भाऊ रोज कुटुंब उपासना घ्यायचा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी मत्तय सात आणि लूक तेरा हे दोन्ही अध्याय या प्रवासात वाचायचे नाहीत असं मनात धरून आले होते. आता वाचले, तिथंच, मोठ्याने. मत्तयाच्या दृष्टांतात पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर येतात, खडकावरच्याही. फरक घर पडण्याआधी दिसत नाही, आणि तो फरक येशूने सांगितलाय तो एवढाच: ऐकून तसं वागणारा आणि ऐकून न वागणारा. कोण कुठं बसतो ते ठरवायचं काम त्याने ऐकणाऱ्या शेजाऱ्याला दिलेलं नाही. शिवाय किल्लारी तर काळ्या पाषाणावर उभी होती. दख्खनचा हा भाग स्थिर, इथं मोठा भूकंप व्हायचाच नाही, असंच तोवर समजलं जायचं.

आणि लूक तेरा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सगळ्यांपेक्षा अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय? "मी तुम्हांला सांगतो, नाही." येशूने मेलेल्यांवरचा रोख काढून समोर उभ्या असलेल्यांकडे वळवला. पश्चात्ताप तुमचा तुम्ही करा, म्हणाला. दुर्घटना घडली की देव त्यांना काय सांगत होता हे सांगायला उठणाऱ्या प्रत्येकाने ही पाच वचनं आधी वाचावीत. त्या सभेत ती वाचली गेली नाहीत, याची चीड मला आज, त्या कडुनिंबाखाली, पहिल्यांदा आली. अक्कांनी ती तीन दशकांहून जास्त काळ एकटीने सांभाळली. रात्री दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम कुठून आला ते मला तेव्हा समजलं.

राहिलेलं काम म्हणजे भाच्याचं घर. सरकारने दिलेल्या घराला जोडून त्याने दोन खोल्या वाढवल्यात, आणि आज संध्याकाळी घर अर्पणाची प्रार्थना होती. याआधी त्याने लग्नाला बोलावलं, लेकाच्या बाप्तिस्म्याला बोलावलं, अक्कांचा पाय या गावाकडे वळला नव्हता. तो गवंडी आहे. आत्याला बघून त्याने पाया पडायच्या आधी तिचा हात धरला आणि भिंतीपाशी नेलं.

"आत्या, इथं हात लाव. ही लिंटेलची पट्टी, दारं-खिडक्यांच्या वरची. चारी भिंतींना फिरवलीया, कुठं तोडली न्हाई. कोपऱ्यात सळई उभी पायापासून वरपतूर. सळई जालन्याची. पाया चार फूट घेतला, मुरूम लागला तरी थांबलो न्हाई, खडक लागेपतूर गेलो."

लूकच्या सहाव्या अध्यायात तो माणूस खोल खणतो, मग खडकावर पाया घालतो. हे खणणं मत्तयात नाही. भाच्याने गावातली कितीतरी घरं अशीच बांधलीत. पट्टी न घालता स्वस्तात बांधून दे म्हणणाऱ्याचं काम तो घेत नाही. वचन ऐकणं आणि पाळणं यावर मी पुष्कळ संदेश ऐकलेत. सिमेंटच्या त्या पट्टीवर हात ठेवून उभ्या असलेल्या अक्का मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहतील.

पाळकसाहेबांनी स्तोत्र १२७ वाचलं, परमेश्वर घर बांधत नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. मग भाचा म्हणाला, प्रार्थना आत्या करील. अक्कांनी केली. भावाचं नाव घेतलं, भावजयीचं, त्या मुलीचं. नियम मोडला म्हणून मी काही बोलले नाही.

रविवार, परतीचा

सकाळी भाच्याच्या गावच्या मंडळीत उपासना. ढोलकी आणि पेटीवर गाणी, खाली सतरंजी, बायका एका बाजूला. प्रभुभोजनाला अक्कांच्या शेजारी भाच्याची मुलगी बसली होती. जेवायला वरण, भात, शेंगदाण्याची चटणी आणि लापशी. लातूरला येऊन संभाजीनगरची गाडी धरली.

मांजरसुंब्याच्या अलीकडे फोन वाजला. केजची ती बाई. मावसबहिणीच्या फोनवरून बोलत होती. अंगावरचं कमी झालंय, गोळ्यांनी मळमळतं, घ्यायच्या की बंद करायच्या? घ्यायच्या, पोटात काहीतरी टाकून घ्यायच्या, मी सांगितलं. नवऱ्याला फडावर औषध कसं पोचवायचं, हे तिने विचारलं. टोळीतलं कुणी गावाला येणार असेल तर त्याच्या हाती द्यायचं ठरलं, नाहीतर चिठ्ठीचा फोटो पाठवून तिकडच्या दुकानातून घ्यायला सांगायचं. मुकादम काल येऊन गेला होता. तिने त्याला दवाखान्याचा कागद दाखवला. त्याला वाचता आला नाही, पण शिक्का बघून तो काही बोलला नाही.

पंधरवड्याने दाखवायला जायचं आहे, तो वार गुरुवारच येतो. अक्का म्हणाल्या, त्या दिवशी त्यांना जमणार नाही, नातवाची परीक्षा आहे. मी जाईन. सकाळची पहिली गाडी सहाला सुटते, केजला उतरून तिला घ्यायचं आणि दोघींनी पुढं जायचं, असं ठरवलं आहे.